तीनशे बारा पानं, आठ बटणं

२ मार्च, सकाळी
हिची कादंबरी झाली. चार वर्षं एक्स-रे विभागातली ड्यूटी सांभाळून, ओट्याशेजारच्या टेबलावर बसून लिहीत होती. आज तीनशे बारा पानांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, अजून कुणालाच दाखवलेली नाही, तू पहिला. बावीस तारखेला प्रकाशकाकडे द्यायचीय, वीसपर्यंत वाच. एका ठिकाणी घोडं अडलंय, ते तुला विचारायचंय. पण आधी सगळी वाच, मग बोलू.

साहजिकच आहे. घरात साहित्याची जाण असलेला मीच.

संकल्प: रोज तीस पानं. अकरा दिवसांत खलास. उरलेल्या दिवसांत टिपणं.

३ मार्च
गठ्ठा उचलून पाहिला. मनगट दुखलं. बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतोय, तेव्हा हे माझं व्यावसायिक मत समजावं: एवढ्या गठ्ठ्यावर वाकून वाचणं मानेला घातक. फोनवर वाचता येत नाही, मधे फोन येतात. कॉम्प्युटरवर वाचलं की कामावर असल्यासारखं वाटतं.

दुपारी मुलीच्या कपाटात तिचं जुनं गेमचं कन्सोल सापडलं. ती हॉस्टेलला गेल्यापासून पडून आहे. दोन्ही हातांत नीट बसतं, बटण दाबलं की पुढचं पान. वाचनासाठी इतकं आदर्श यंत्र लोक गेम खेळण्यात का वाया घालवतात कळत नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, अरे कागद समोर पडलाय की. तिला तंत्रज्ञानातलं कळत नाही. एक्स-रे मशीनची गोष्ट वेगळी.

४ मार्च
चार्जर नाही. संकल्पात एक दिवसाची सूट.

६ मार्च
दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने कन्सोल उलटंसुलटं करून पाहिलं आणि काय करायचंय विचारलं. कादंबरी वाचायचीय म्हटल्यावर त्याने शेजारच्या दुकानदाराला बोलावून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. चार्जर मात्र मिळाला.

७ मार्च, सकाळी
चालू झालं! वाचनाचं ॲप टाकलं. हिच्याकडून फाइल घेतली. उघडली. पानभर चौकोन. नुसते चौकोन, मधे मधे पूर्णविराम. यंत्राला मराठी येत नाही.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, त्यावर गेम खेळ, नाहीतर कागदावर वाच, दोन्ही एकत्र कशाला करतोस? हल्लीच्या पिढीत चिकाटी नाही.

९ मार्च
दुकानात फॉन्ट बदलून पाहत होतो. एक बाई एक डोळा झाकून, तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचून बसल्या होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, आता दुसरा झाकू का? मालकांनी काचेतून पाहिलं. मी कन्सोल डोळे तपासण्याचं नवं उपकरण असल्यासारखं धरलं.

चौकोन तसेच.

१० मार्च
आज सासूबाई गुडघा दाखवायला आल्या, पंधरा दिवस राहतील. मला कन्सोल घेऊन आणि गठ्ठा शेजारी ठेवून बसलेलं पाहून म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना दुपारी करमत नाही म्हणून हिने गठ्ठा त्यांना दिला. बरं झालं. टेबल मोकळं झालं.

नवा संकल्प: रोज पन्नास पानं.

११ मार्च
बोटांना बटणांची सवय व्हायला हवी म्हणून थोडी मोटारींची शर्यत खेळलो. चौदावा टप्पा. हे वाचनच, फक्त पूर्वतयारीचं.

१२ मार्च
युक्ती सापडली! कॉम्प्युटरवर फाइलच्या प्रत्येक पानाचा फोटो करायचा. फोटोतल्या मराठीचे चौकोन होत नाहीत. तीनशे बारा फोटो केले, नावं १ ते ३१२. अक्षरं मुंग्यांएवढी दिसत होती, म्हणून चारही बाजूंचे समास कापून टाकले. त्यात खालचे पानांचे आकडे गेले. जाऊ देत, वाचणाऱ्याचं लक्ष मजकुरात असावं.

यंत्राने यादीत १ खाली १० लावलाय, १० खाली १००, मग १०१. प्रत्येक यंत्राचा आपला हिशोब असतो, आपण त्यात पडू नये.

१३ मार्च
अखेर वाचनास प्रारंभ! पहिल्या पानावर धाकटी बहीण दहा वर्षांची, लाँड्रीत कपडे मोजतेय. दुसऱ्यावर तिचं लग्न ठरतंय. तिसऱ्यावर ती विधवा. काय वेग! पुढची नऊ पानं दुःखाची, आणि मग एकदम पुन्हा लग्न ठरतंय. पुनर्विवाह! हिच्या अंगी इतका पुरोगामीपणा असेल असं वाटलं नव्हतं.

१५ मार्च
धाकटीचं आता चौथ्यांदा लग्न चाललंय आणि नवरा दर वेळी तोच. गोंधळ होतो, पण श्रेष्ठ साहित्य लगेच कळत नाहीच. एकूण वाचलेली पानं: चव्वेचाळीस. कन्सोल आडवं धरून मान तिरपी झालीय.

सासूबाईंचा गठ्ठा अर्धा खाली आलाय. मीच नंबर काढून दिलेल्या चष्म्यातून वाचतात, त्यामुळे श्रेय माझंही आहे.

१७ मार्च
ही विचारत होती, कुठवर आलास? म्हटलं, शैलीवर थांबलोय. तिला बरं वाटलं असावं. चहा करून दिला आणि समोर बसून राहिली. काहीतरी विचारायचं होतं, पण म्हणाली, नको, आधी पूर्ण वाच.

संकल्प: उद्या शंभर पानं. मागे हटणार नाही.

१९ मार्च, संध्याकाळी
काल बॅटरी संपली होती. आज चार्ज करून बॅगेत टाकलं. दुकानातून घरी येऊन पाहतो तर खाली आकडा: १००%. बॅगेत चष्म्याची डबी दिवसभर बटणावर दाबली गेली होती आणि पानं उलटत राहिली.

आधी घाबरलो. मग शांतपणे विचार केला. मधला भाग साधारण अंदाजाने कळलेला आहेच. शेवटचं पान मात्र प्रामाणिकपणे, दोनदा वाचलं. शेवट अर्ध्या वाक्यावर आहे: ‘ती दार उघडायला उठली आणि तिच्या’. बस. अंगावर काटा आला.

कादंबरी वाचून झाली. मुदतीच्या एक दिवस आधी.

२० मार्च, संध्याकाळी
आज बोललो. ही वही-पेन घेऊन बसली होती. मी पंधरा मिनिटं सलग बोललो. काळाची मोडतोड, पुन्हा पुन्हा येणारं लग्न, सगळं मांडलं. आणि शेवटाबद्दल तर म्हटलं, एका अक्षराला हात लावू नकोस, इतका धाडसी शेवट मी आजवर वाचलेला नाही.

हिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, शेवट मी लिहिलेलाच नाही. तीनशे बाराव्या पानावर थोरली गाव सोडून निघते, बरोबर चल म्हणते, आणि धाकटी जाईल की लाँड्री चालवत राहील हे मला सहा महिने सुचत नाहीये. तेच तुला विचारायचं होतं. सगळं वाचून तू तिला ओळखशील असं वाटलं होतं.

मी म्हटलं, दोन्ही चालेल.

हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. ही उठून आत गेली.

२१ मार्च
मुलीला फोन केला. तिने समजावलं: यंत्राने आकडे अक्षरांसारखे लावले. एक, मग दहा, मग शंभर. सगळ्यात शेवटी नव्व्याण्णव. म्हणजे जे वाचून माझ्या अंगावर काटा आला ते नव्व्याण्णवावं पान. पुढचं वाक्य शंभराव्यावर होतं, जे मी तिसरं म्हणून वाचलं होतं. मुलगी खूप हसली. मग थांबून म्हणाली, बाबा, आईला काय सांगितलंस? मी सांगितलं. मग ती हसली नाही.

दोष यंत्राचा आहे हे आता सिद्ध झालंय. कुणाला सांगावं कळत नाही.

दुपारी सासूबाईंनी शेवटचं पान खाली ठेवलं. हिने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, धाकटी जायची नाही गं. पण स्टेशनपर्यंत सोडायला जाईल, आणि परत येताना चालत येईल. ही त्यांच्याकडे बघत राहिली. मग टेबलाशी बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. स्वयंपाक मी केला.

२२ मार्च
ही एकटीच प्रकाशकाकडे जाऊन आली. मी सोबत येऊ का विचारलं होतं, नको म्हणाली.

घरी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. म्हटलं, एक प्रत मला काढून दे. कागदावर. चार दिवसांत वाचतो, ओळन् ओळ, आणि खरं काय वाटतं ते सांगतो. या वेळी मनापासून म्हणत होतो.

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. चप्पल काढता काढता म्हणाली, राहू दे आता. छापून आली की वाच, सगळ्यांबरोबर.