हिल्डाताईच्या कोंबड्यांची मोटार

ती. हिल्डाताईस,

धाकट्या सेड्रिकचा नमस्कार. तुझा गुडघा, तुझे वाटाणे आणि तुझ्या कोंबड्या, सगळ्यांची प्रकृती ठणठणीत असावी. (कोंबड्यांची चौकशी मुद्दाम केली आहे, सहज नव्हे.) माझंही रक्तदाब सोडून बरं चाललंय.

तर ताई, सप्टेंबरात जुन्या गाड्यांच्या शर्यतीत मी उतरणार आहे. हसू नकोस. बाबा जिथे गाडी पळवायचे तीच आपली विमानांची जुनी धावपट्टी. पुढच्या वर्षी तिथे घरं होणार, म्हणजे ही शेवटची शर्यत. उतरायचं तर जिंकायलाच, असं ठरवून गाडी शोधायला निघालो. शर्यत भरवणाऱ्या क्लबातला बर्नार्ड म्हणाला, "गाडी हलकी बघ. तुझं वजन काही आता कमी व्हायचं नाही." (मेल्याला मित्र म्हणायचं!) पहिली लाल गाडी हलकी खरी, पण एवढीशी, की मी आत बसलो तो बसलोच. ओढून काढायला मालक, मालकीण आणि वाटेवरचा पोस्टमन लागला. दुसरी हिरवी, नवरीसारखी नटलेली, ब्रेक असे की पाय टेकवताच गाडी जागच्या जागी. पाघळलो आणि घेऊन टाकली! क्लबाचा तपासनीस चाकांशी वाकला आणि मान हलवत उठला. "काका, हे ब्रेक त्या काळी नव्हते." म्हटलं, "अहो, पण केवढे चांगले आहेत!" तर म्हणतो, "तिथेच घोडं अडलं. गाडी तेव्हा जितकी वाईट थांबायची, तितकीच वाईट थांबली पाहिजे." आता बोला! जन्मभर सुधार, सुधार म्हणून बोलणी खाल्ली आणि इथे सुधारलेली गाडी बाद. मालक सज्जन, त्याने परत घेतली.

येताना धावपट्टीपाशी थांबलो. बाबा आठवले. आईने विणलेला मफलर, आणि पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायची ती खोड. बाकीच्यांची माणसं पाटीवर कितवा नंबर ते लिहून दाखवायची, तू दुधाच्या खोक्यावर उभी राहून लिहायचीस, "बाबा, चहा गार होतोय." आणि ते वाचून बाबा खरंच जोरात यायचे! फार आठवण आली गं. एकटाच रडलो.

तुझा,
सेड्रिक

ता. क. बाबांची गाडी तुझ्या कोठारात आहे. इतकी वर्षं तू तिला हात लावला नाहीस, म्हणजे कुणी सुधारलेलीही नाही. तळ गंजून गेलाय म्हणतेस, मग आणखीच हलकी! तिच्यात बसणाऱ्या कोंबड्यांना खिडक्यांचं नवं खुराडं बांधून देतो.

ता. क. बर्नार्ड म्हणतो, ती गाडी कधीच जिंकलेली नाही. खरंय. वर जिंकण्याबद्दल लिहिलंय ते वाचू नकोस.

ता. क. कोंबड्या उठायला तयार नसतील तर राहू देत गाडी. तू मात्र ये. पाटी धरायला बर्नार्ड तयार आहे, पण तो नुसते आकडे लिहितो. खडू आणून ठेवलाय.