बसल्या जागेवरून ओ

इंदूर,
ता. ६ डिसेंबर १९५४

तीर्थरूप अप्पासाहेब भावोजींच्या सेवेशी,

प्रेमलतेचा नमस्कार. मी आणि बेबी खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? देवासला इथल्यापेक्षा थंडी जास्त, शेक घेत जा. शांताताईंनी तुमच्याबरोबर पाठवलेले पेरू पोचले. आणणारा गडी म्हणाला, "साहेब टांग्यातच बसलेत, कोपऱ्यावर." मी चहा टाकला होता. तो गार झाला.

नवीन खबर म्हणजे मी शाळेतर्फे गाइडच्या शिक्षिकांच्या शिबिराला जाऊन आले. जंगलात, तंबूत राहून. कुठल्या जंगलात ते पुढे लिहिते.

कॅप्टनबाई ग्वाल्हेरच्या, गळ्यात सतत शिट्टी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, दोन काड्यांत जाळ करा. जन्मभर चुली पेटवलेल्या आम्ही बायका, पण दवाने भिजलेली लाकडं नुसती धुमसत राहिली. आमच्या शाळेतल्या शशिकलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "सासूसमोर पण इतका धूर नव्हता केला कभी!" मग कॅप्टनबाईंनी दाखवलं, जमिनीवरचं लाकूड घ्यायचं नाही, झाडावरच वाळलेली फांदी मोडायची. संध्याकाळी त्याच निखाऱ्यांत कणकेचे गोळे करून बाफले भाजले. बाहेरून कोळसा, आतून कच्चे, तरी सगळे संपले. काठीच्या सावलीवरून दिशा ओळखायला शिकले, कोरड्या नाल्यात पाणी कुठे खणायचं तेही. लायब्ररीच्या पुस्तकांत हे वाचलं होतं, पण हातांना आत्ता कळलं.

भावोजी, शिबिर चोरलला होतं. आपल्याच चोरलला. नाव कळल्यावर नाही म्हणणार होते. पण बेबीला पुढच्या महिन्यात मुलींच्या शिबिराला जायचं आहे, आणि तिला "नको" म्हणायला माझ्याकडे भीतीशिवाय कारण नव्हतं. म्हटलं, आधी आपण बघून यावं.

तिथे हरवलेल्याला शोधण्याचा सराव असतो. हरवायची पाळी माझी आली. मला एका सागाखाली बसवून कॅप्टनबाईंनी बजावलं, "काही झालं तरी उठायचं नाही. हाक आली की बसल्या जागेवरून ओ द्यायची." मी बसले. बऱ्याच वेळाने त्यांची हाक आली, "प्रेमलताबाई!" आणि मी उठले. पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला, आवाजाच्या दिशेने निघाले. तिथल्या दरीत हाक समोरच्या टेकडीवर आपटून येते. मी उलट्याच बाजूला उतरत गेले आणि खरीच हरवले. सापडले तेव्हा एका नाल्याच्या काठावर होते.

कॅप्टनबाई संतापल्या. "बसायला सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, "मोठ्यांनी हाक मारल्यावर बसून कशी राहू?"

सगळ्या हसल्या. शशिकलाबाई म्हणाल्या, "चला, हरवायला तरी आलं तुम्हाला!" मीही हसले आणि मग मला तिथे उभं राहवेना.

आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगावी? मोठ्या भावाची हाक आली की धाकट्याने बसून ओ द्यायची नाही, उठून समोर जायचं. चोरलच्या त्याच जंगलात ह्यांचा पाय मुरगळला, तुम्ही ह्यांना सावलीत बसवून गावातून माणसं आणायला गेलात. "हलू नकोस" सांगून गेलात, हे तुम्ही त्या दिवशी एकदाच बोललात आणि नंतर कधीच नाही. लोक म्हणाले, भावाला टाकून आला. मी काही म्हटलं नाही, पण तसं नाही असंही म्हटलं नाही.

ह्यांना नाल्यातून आणलं तेव्हा कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. वैशाखातल्या दुपारी. तीन वर्षं ती बटणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आता कळलं. तुमची हाक ऐकू आली होती. तुमच्यासमोर हे कधी उघड्या कोटाने आले नाहीत.

म्हणून हाक मारली हेच चुकलं, असं मनात आणू नका, तुम्हाला माझी शपथ आहे. हाक मारायचीच असते. माणसं आणायला जाणंही बरोबरच, कॅप्टनबाई तेच शिकवतात. ह्यांना एकटं वाटत नव्हतं. भाऊ आला, हे कळून उठले. मला ह्याचा फार आधार वाटला, तो एकटीने ठेवून घेववत नाही.

बेबीला शिबिराला पाठवते आहे. तिला स्टेशनवर पोचवायला काका हवेत. टांगा कोपऱ्यावर थांबवू नका. दारात या आणि पूर्वीसारखी मोठ्याने हाक मारा. पोरगी उठून आली नाही तर रागावू नका. मीच तिला शिकवलं आहे, हाक कितीही मोठ्या माणसाची असो, बसल्या जागेवरून ओ द्यायची.

आम्ही दोघी होतो तिथेच आहोत.

तुमच्या हाकेची वाट बघणारी,
गं. भा. प्रेमलता