काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

पट्टी सापडेना! तीन तास पेटी पुढ्यात घेऊन बसलो. बयाबाईंचा आवाज काळी एकवर ठेवावा तर वर राहतो, पांढरी दोनवर न्यावा तर खाली. बरोबर मधे. पेटीत तिथे सूरच नाही — नुसती फट.

हरसूलच्या शाळेवर होतो तेव्हा ऐकलेल्या या बाई. खळ्यावर भात झोडताना गायच्या आणि त्यांचा भाऊ गेणू पावरी फुंकायचा — वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, सांध्यांना मेण. आज कॅसेटच्या तालमीसाठी दोघं पहिल्या एसटीने नाशिकला आले. पावरीचा जो सूर तोच बयाबाईंचा. पट्टी कोणती म्हणून विचारलं तर गेणू म्हणाला, भोपळ्याला विचारा!

वेदिकेचं काही अडलं नाही. बयाबाईंनी ओळ उचलली, हिने झेलली. माझी लेक, शास्त्रोक्त शिकलेली, पण तासाभरात त्यांच्यातली होऊन गेली. अडलं ते बापाचं घोडं.

१५ नोव्हेंबर

गंगापूर रोडला गेलो, हर्षलच्या स्टुडिओत. पोरगा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण शिकवतो मलाच. म्हणे पेटी राहू द्या, नंतर वेगळी रेकॉर्ड करू, कीबोर्डवर सूर हवा तेवढा उतरवता येतो. मी साफ नाही म्हटलं. सगळे एका खोलीत, एका वेळी, पाड्यावर गातात तसे गोल बसून. तुकडे जोडायचे तर गोधडी शिवतो की!

कबूल झाला. मधोमध दोन माइक, बाकी काही नाही. पण बजावलं — मागाहून कोणाचं काही काढता येणार नाही, घालता येणार नाही. एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. २७ तारीख ठरली.

१८ नोव्हेंबर

मंगला भडकली आहे. बारा डिसेंबरला लेकीचं लग्न, पत्रिका तशाच पडल्यात, आणि नवरा कॅसेट काढतोय! तिचं चूक नाही.

पण वेदिका नागपूरला चालली. सहा वर्षांची असल्यापासून माझ्या पेटीवर गायली, आणि दोघांची मिळून एक टेप नाही घरात. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे वाजवलं. नाव बारीक अक्षरात, कधी तेही नाही. त्याचं काही वाटत नाही (वाटतं!). पण एकदा, एकदाच, ती आणि मी एका टेपवर असायला हवं. नंतर कधी होणार? हे घरात कोणाला बोललो नाही.

२० नोव्हेंबर

करून बसलो. पेटी घासून आणली!

भद्रकालीत मोतीराम पेट्या दुरुस्त करतो, त्याच्याकडे गेणूला घेऊन गेलो. गेणू पायरीवर बसून फुंकत राहिला आणि मोतीराम पेटीतली एकेक पितळी पत्ती घासून सूर त्याच्या पावरीला मिळवत गेला. सकाळी दहाला बसलो ते दिवेलागणीला उठलो. हात लावण्याआधी मोतीरामने तीनदा विचारलं. "मास्तर, ही पेटी मग दुसऱ्या कोणाबरोबर लागायची नाही. परत वर चढवायला गेलो तर पत्ती पातळ होईल, आवाज मरेल." लग्नाआधीपासूनची पेटी माझी. घास म्हटलं.

गेणू सगळं डोळे फाडून बघत होता. जाताना म्हणाला, टेपासाठी एवढं करावं लागतं व्हय!

२१ नोव्हेंबर

लागली! पावरी, बयाबाई, वेदिका, पेटी — एक सूर. वेदिका गाता गाता माझ्याकडे बघून हसली. आज दोन वाट्या आमटी प्यायलो.

२७ नोव्हेंबर

वाटोळं झालं.

हर्षलने माइक लावले. गेणूने फडक्यातून पावरी काढली. पिवळाधमक भोपळा, ताजं मेण, नळ्याही नव्या. म्हटलं, ही कुठली? गडी खुशीत — चार दिवस खपून केली म्हणाला. फुंकली. पार वर! पांढरी दोनच्याही वर, कुठल्याच पेटीला न लागणारी. माझी पेटी तिच्याशेजारी रडायला लागली.

"जुनी कुठे आहे?"

"वाहिली ना शेतातल्या देवाला. नवी केली की जुनी तोंडाला नाय लावत. तुम्ही पेटी नवी केली, मंग मी जुनी कशी आणू मास्तर?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. अडाणी म्हणालो. माझ्या सव्वीस वर्षांची माती केलीस म्हणालो. वेदिका दोनदा "बाबा, बस" म्हणाली, तरी थांबलो नाही. गेणूने पावरी फडक्यात गुंडाळली आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

पावरीवाचून घेऊ या, पेटीवर गा, असं बयाबाईंना म्हणून पाहिलं. हो, एवढं झाल्यावरही! बाई शांतपणे पदर खोचून बसल्या होत्या. म्हणाल्या, "गाणं सुराला नाय अडत, मास्तर. माणूस उठून गेला की अडतं."

हर्षल घड्याळ बघत होता. उद्याचा दिवस दिला त्याने. शेवटचा.

स्कूटर काढून सीबीएस स्टँडला गेलो. हरसूलची गाडी लागली होती, गेणू खिडकीत. गाडीत चढून त्याच्या शेजारी बसलो. चूक माझी, म्हटलं. तुझ्या रीतीची मी चौकशीच केली नाही. त्याने विचारलं काय, तर पेटी परत घासता यील का?

नाही, म्हटलं. पेटीवाचून करू. कंडक्टरने घंटी दिली, तेव्हा दोघं खाली उतरलो.

बोलून तर बसलो. या टेपसाठी पेटी मारली, आणि तीच टेपवर नाही!

२८ नोव्हेंबर

झालं. सहाही गाणी, जेवणाआधी. पेटी बाहेर व्हरांड्यात ठेवली होती. मी हर्षलच्या शेजारी काचेमागे बसणार होतो, पण वेदिका हटून बसली — बाबा समोर नसतील तर मी गाणार नाही. म्हणून गोलात बसलो, मांडीवर रिकामे हात. बोटं काय करावीत कळेना.

नवी पावरी काय बोलली! बयाबाई वरच्या सुरात जाऊन बसल्या, सहज, जशा पाटावर बसाव्यात. वेदिका कधी नव्हे अशी गायली. तिसऱ्या गाण्यात तर कुठे बसलोय तेच विसरलो.

रडू नाही आलं. राग आला. माझ्यावाचून इतकं चांगलं होतं, याचा! बापाने असं लिहू नये. पण खरं आहे.

१२ डिसेंबर

लग्न लागलं. गेली.

९ जानेवारी २०००

सकाळी वेदिकेचा नागपूरहून फोन. कॅसेट पोचली म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, तिसऱ्या गाण्यात माझ्या मागे तुम्ही गाताय."

वेडी आहेस, म्हटलं. मला गळा नाही, म्हणून तर पेटी धरली आयुष्यभर! हर्षलला फोन केला. त्याला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणाला, थांबवायचं जिवावर आलं, मास्तर.

कॅसेट लावली. आहे. बयाबाईंच्या खाली, वेदूच्या आवाजाला धरून, एक म्हातारा गुणगुणतोय. सुरात! मंगला पोळ्या टाकून बाहेर आली आणि म्हणाली, परत लावा.