परभणीचं घर भाड्यानं दिलं

रविवार संध्याकाळ, गंगाखेड

आज परभणीचं घर भाड्यानं दिलं. बदली होऊन इथं आले, तरी ते विकवेना. आणि इथलं भाडं भरून तिथला हप्ता झेपेना. बँकेनं भाडेकरू ठेवायला होकार दिला, तेव्हा मी मनातून नकाराचीच वाट बघत होते का? बहुतेक होते.

भाडेकरू म्हणजे सुनीता, सरकारी दवाखान्यात नुकतीच लागलेली नर्स. सोबत पेडगावचे आई-वडील. त्यांची हयात मेंढरांमागं गेलेली. म्हाताऱ्यानं हॉलमध्ये शिरताच घोंगडं अंथरलं आणि पंख्याखाली सरळ आडवाच झाला.

"बाबा, उठा! मालकीणबाई बघायल्यात," सुनीता लाजून म्हणाली.

"बघू दे की. लेकीच्या घरात पडलोय." मग माझ्याकडं बघून त्यानं जीभ चावली. "म्हंजे... घर तुमचंच हाय, ताई."

"आणि अर्धं बँकेचं," मी म्हणाले. सगळे खदखदून हसलो.

तो घोंगड्यावरचा म्हातारा काही डोळ्यांपुढून हलत नाही. मी त्या घरात एवढी वर्षं राहिले, पण अशी निवांत फरशीवर कधी पडले? हप्त्याच्या घोरात राहूनच गेलं.

सुनीताच्या आईनं भाकरी-ठेचा खाऊ घातल्याशिवाय मला सोडलं नाही. लय दिवसांनी पोटभर जेवले.

निघताना पर्समधली जादा किल्लीसुद्धा सुनीताच्या हातावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. गुपचूप जवळ ठेवायचं ठरवलं होतं मी. आता तिथं गेले की दार वाजवावं लागणार.

वाजवीन की!