बंबात घातलेल्या वह्या

बाबा, तुमच्या हिब्रूच्या चारही वह्या मी जाळल्या. आई तुमच्या मागून तिकडे आली तेव्हा तिने सांगितलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नसे. पण मी स्वतः कधी बोलले नाही, आणि बावीस वर्षं झाली.

मला अजून दिसतं. चर्चमधली रविवारची उपासना आटोपून तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, आई बांगडे तळते आहे. आठवडाभर मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं खोलणारी तुमची बोटं उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर काढतायत, आणि ओली शाई तळहाताला पुसली जातेय. कुणा पाहुण्या पाळकांनी दिलेलं एक बाळबोध पुस्तक, एवढाच तुमचा गुरू. आपल्या मंडळीला पाळक परवडत नव्हता, संदेश तुम्हीच द्यायचात. जुना करार ज्या भाषेत लिहिला ती येत नसताना त्यावर बोलायची तुम्हाला लाज वाटायची. मी सोळा वर्षांची, तोंडाळ. म्हटलं, "आपली माणसं वीस, त्यांतली निम्मी डुलक्या काढतात. हिब्रू कळणार कुणाला?"

"मला तर कळू दे गो आधी," तुम्ही मान वर न करता म्हणालात. मग मला शेजारी बसवून पहिली दहा अक्षरं गिरवून घेतलीत. उठताना माझा पाय वहीला लागला, तेव्हा मात्र ओरडलात. "देवाचं नाव आहे त्यात. उचल, कपाळाला लाव." मी लावली, पण तोंड वाकडं करून.

तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. आई आठवडाभर फोन करत होती, "येऊन जा गो, ते तुझी वाट बघतायत." मी पुढच्या रविवारी येते म्हणत राहिले. पोचले तोवर दफन उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी घरात पाहुणे, लाकडं ओली, बंब पेटेना. कोपऱ्यात रद्दी होती, बाबा. ती सोडून मी तुमच्या वह्या घेतल्या. रागाने घेतल्या, आणि तो राग तुमच्यावर नव्हता हे कळायला मला फार वर्षं लागली. वह्या भराभरा जळल्या. आई दारात उभी होती. "एक तरी ठेवायचीस गो," एवढंच म्हणाली. त्या पाण्याने मीही आंघोळ केली.

आता निवृत्त होऊन इथेच, आपल्या घरी राहते. मंडळीला अजून पाळक नाही, म्हणून मीच पाळकाच्या सेवेचं शिक्षण घेतेय. हिब्रूचा वर्ग मोबाईलवर असतो. शिकवणारी पुण्याची, माझ्या लेकीच्या वयाची. गेल्या आठवड्यात ती सहज सांगत होती, की यहुदी लोक देवाचं नाव असलेले जीर्ण कागद जाळत नाहीत, टाकतही नाहीत. माणसाला पुरावं तसे जमिनीत पुरतात. मी कॅमेरा बंद केला आणि ओट्याला टेकून रडले. तुमची माती मला मिळाली नाही. त्या कागदांची माझ्या हातात होती.

काल तिने मला स्तोत्राची एक ओळ वाचायला लावली. मी वाचली, आणि थांबले. तो हेल तुमचा होता. ती म्हणाली, "काकू, किती छान वाचता. आधी कुणाकडे शिकलात का?"

तुमचं नाव घेतलं असतं तर तिने वह्या बघायला मागितल्या असत्या. मी म्हटलं, "नाही, कुणाकडेच नाही."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ठेवायचंही नाही, लेकीच्या हाती लागेल. पण तुम्हाला सांगते. शिकवणारी म्हणाली, "स्वतःहून एवढं? शाबास." आणि ती शाबासकी मी घेतली.