विसावं पत्र

३ डिसेंबर, बुधवार
आजपासून कादंबरीचं शिक्षण मी हातात घेतोय. पोरगी नऊ वर्षांची झाली, शाळेच्या भरवशावर किती दिवस ठेवणार? वरच्या मजल्यावरचा दत्तप्रसाद त्याच्या राजसला रोबोटिक्सच्या क्लासला सोडतो आणि खाली स्कूटरवर बसून रील्स बघतो. म्हणे पालक! मी लेख वाचलाय (अर्धा, पुढे पाल्हाळ होतं). आईवडिलांबरोबर गोष्टीचे व्हिडिओ गेम खेळले की मुलांची भाषा आणि विचार दोन्ही सुधारतात. गेम आणला. बेटावरची पोस्टमन मुलगी, वीस पत्रं. शाळेत कळवून टाकलं, १३ तारखेच्या पालकसभेत यावर मी बोलणार. बायको, नम्रता, म्हणाली, आधी खेळून तर बघ. हिला व्हिजन नाही.

४ डिसेंबर
पात्रं भयंकर बडबडी. पत्र द्यायला जावं तर म्हातारी आपल्या बोटीची हकिगत सांगत बसते. सदाशिव पेठेत पत्र घेतात आणि दार लावतात. कोपऱ्यात ‘स्किप’चं बटण आहे, हुशार माणसांची सोय. कंट्रोलर माझ्याकडेच, तिने निरीक्षणातून शिकावं. विचारत होती, बोटीचं पुढे काय झालं? म्हटलं, बुडाली असेल, चल.

६ डिसेंबर, शनिवार
नऊ पत्रं वाटली, सात चुकीच्या घरी. गेम सदोष. पाकिटावर पत्ताच नाही, लिहिलंय काय तर ‘जिला समुद्राची भीती वाटते तिला’. बनवणाऱ्यांना तीन पानी ईमेल धाडला. कादंबरी म्हणाली, ते म्हातारीने सांगितलं होतं. मग तू का नाही बोललीस? म्हणे, बोलत होते.

८ डिसेंबर
ऑफिसात उशीर. खेळ नाही.

९ डिसेंबर
पुन्हा उशीर. पोरीने जराही हट्ट केला नाही. शिस्त बाणते आहे. मायलेकी मात्र मी घरात शिरलो की टीव्ही बंद करतात. सीरियल असणार. सुशिक्षित बाई आणि हे धंदे.

१० डिसेंबर
जेवताना कादंबरीने शाळेतली काहीतरी भानगड सुरू केली. राजस, डबा, कोणीतरी रडलं. म्हटलं, मुद्द्यावर ये. तिने हवेत अंगठ्याने बटण दाबलं आणि गप्प जेवायला लागली. नम्रता हसली. मला असले चाळे खपत नाहीत. पण व्याख्यानात उदाहरण म्हणून चालेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार
पोस्टमास्तरने नोकरीवरून काढलं. गेम पुन्हा पहिल्यापासून. हरकत नाही, व्याख्यान देणाऱ्याने गेम संपवलाच पाहिजे असा नियम नाही.

१३ डिसेंबर, दुपारी ३
पालकसभा. ठरलेली दहा मिनिटं, मी चाळीस बोललो. दत्तप्रसाद उघड जांभया देत होता, वकूब तेवढाच. शेवटी बाईंनी कादंबरीला पुढे बोलावून विचारलं, गेममध्ये काय काय झालं? तिने एकोणीस पत्रांच्या एकोणीस गोष्टी सांगितल्या. म्हातारीची बोट बुडालेलीच नाही. दत्तप्रसादने फोन खिशात टाकला. मी यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. बाईंनी विचारलं, सगळं बाबांबरोबर खेळलीस? तिने आधी नम्रताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
“हो,” म्हणाली.
टाळ्या झाल्या. मला त्या घेताना बरं वाटलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
गेममध्ये दोन खेळ साठवलेले निघाले. एक ‘बाबा’, पत्रं शून्य. दुसरा ‘आई आणि मी’, पत्रं एकोणीस. विचारलं, विसावं का राहिलं? म्हणाली, “ते पोस्टमन मुलीला तिच्या बाबांनी लिहिलंय, पाकिटावरच आहे. म्हणून तुझ्यासाठी ठेवलं.”
उद्या सकाळी दोघांनी वाचायचं ठरलं. मी शब्द दिलाय, कंट्रोलर तिच्याकडे.

१४ डिसेंबर, रविवार
कंट्रोलर मीच घेतला. लहान बटणं तिला जमत नाहीत. ती अगदी टेकून बसली होती. पाकीट उघडलं. पहिली ओळ, ‘बाळा, तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं’. आणि माझा अंगठा सवयीने पडला. पत्र मिटलं, नावं सुरू झाली, समाप्त. नम्रता म्हणते आता ते वाचायला वीसही पत्रं पुन्हा वाटावी लागतील.
पत्रात काय होतं, विचारलं.
कादंबरी म्हणाली, “मलाही माहीत नाही. आम्ही उघडलं नव्हतं.”
रडली नाही. चपला घालून राजसकडे खेळायला गेली.