त्याच्या आधी काय होतं

बाबा, आज दुपारपासून मला एका जागी बसवत नाही. कोठीच्या बाजारातून उगाच फिरून आले. तुम्ही जिथं गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडत उभे असायचात, तिथं आता चष्म्यांचं दुकान आहे.

विश्व पसरतंय, असं शाळेत ऐकून आले त्या दिवशी मी जेवले नव्हते. सगळंच लांब जाणार, तुम्ही आणि आईसुद्धा, असं मनानं घेतलं होतं. आई म्हणाली, "नसती थेरं! गुमान जेव." तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात उशिरा येतो म्हणून सांगून माझ्याबरोबर जामबागच्या शाळेत आलात. अजून दिसतं मला. तुम्ही वर्गाबाहेर चपला काढता, विज्ञानाच्या सरांपुढं हात जोडता. सर सांगतात, लांब जातात त्या दीर्घिका, ताऱ्यांचे अफाट समूह. घर, गाव, माणसं तशी लांब जात नाहीत. माझा जीव भांड्यात पडतो. तुमचा पडत नाही. "पसरतंय म्हणजे आधी लहान होतं. मग त्याच्या आधी काय होतं, सर?" सर खडू खाली ठेवून म्हणतात, "ते कुणालाच ठाऊक नाही." परतताना गौलीगुड्यापर्यंत तुम्ही चिडून भराभर चालत होतात, मी मागून पळत होते. "कुणालाच नाही म्हंजे काय? तू शीक. शीक आन् मला येऊन सांग."

शिकले. पण तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजातच होते. आता विश्व किती वेगानं पसरतंय, ते मोजण्याचंच काम करते. दोन रीतींनी मोजलं की दोन वेगळी उत्तरं येतात, आणि चूक कुठं आहे ते सापडत नाही. लेक म्हणते, "इत्ते साल झाले मम्मी, अजून मालूमच नाही?" मध्यंतरी एका कोचिंग क्लासनं शिकवायला बोलावलं. पगार चांगला, आणि तिथल्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली. घरी सगळे माझं जाणं धरूनच चालले होते. आज दुपारी सही करायला गेले. तिथल्या मुलीनं पेन पुढं केलं आणि माझ्या तोंडून "नक्को" निघालं. कागद तसाच तिच्याकडं सरकवला. जिना उतरले, ती तडक कोठीवर.

घरी अजून बोलले नाही. हे पत्र कुठं पाठवता येणार नाही, कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला आधी सांगतेय. खरं सांगू? तुम्ही असतात, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हाती नसताना आज तुमच्यापुढंही तोंड उघडलं नसतं.